फ्लोराईडच्या लेपाला हरकत

अकरा वर्षं मी पाणी तपासते. तालुक्याच्या गावी, सरकारी इमारतीच्या मागच्या बाजूला दोन खोल्यांची आमची प्रयोगशाळा आहे. विहिरी, बोअर, हातपंप यांचं पाणी बाटल्यांतून येतं, कधी मीच जाऊन आणते, आणि त्यात काय आहे, किती आहे, ते कागदावर लिहून वर पाठवते. या अकरा वर्षांत कॉलनीतल्या लोकांनी मला पाण्याविषयी एकच प्रश्न विचारला होता. "ताई, आज नळ किती वाजता येणार?" नळाचा आणि माझा काही संबंध नाही हे सांगून सांगून मी थकले. मग मी अंदाजानेच वेळ सांगायला लागले. ती पुष्कळदा बरोबर निघायची, त्यामुळे माझ्या ज्ञानाबद्दल कॉलनीत आदर होता.

म्हणून एका रविवारी सकाळी सहा बायका हातात बाटल्या घेऊन दारात उभ्या राहिल्या, तेव्हा मला आधी वाटलं, नळ गेला असणार.

नळ गेला नव्हता. शाळेतून चिठ्ठी आली होती. आमच्या सगळ्यांची मुलं एकाच इंग्रजी शाळेत, केजीच्या वर्गांत. माझा मुलगा तेव्हा पाच वर्षांचा. गावात नुकताच दवाखाना टाकलेल्या दातांच्या एक डॉक्टरीणबाई शाळेत येऊन लहान मुलांच्या दातांना फ्लोराईडचा लेप फुकट लावून देणार होत्या, म्हणजे दुधाचे दात लवकर किडत नाहीत. त्यासाठी पालकांची संमती हवी होती. चिठ्ठीवर छापलं होतं, 'माझ्या पाल्याच्या दातांना लेप लावण्यास माझी हरकत आहे / नाही.' नको तो शब्द खोडायचा आणि सही करायची, एवढंच काम.

पण त्याच दोन दिवसांत मोबाईलवर एक व्हिडिओ फिरला. पांढरा कोट घातलेला एक माणूस, मागे भीतीदायक संगीत. फ्लोराईड हे उंदराचं विष आहे, ते मुलांच्या मेंदूत जाऊन बसतं, मोठमोठ्या कंपन्या हे दडवून ठेवतात, असं तो सांगत होता. त्याच्या गळ्यात स्टेथोस्कोप होता. दातांबद्दल बोलणाऱ्या माणसाला स्टेथोस्कोप कशाला लागतो, हा प्रश्न आमच्या कॉलनीत कोणालाही पडला नाही. बी.एड. झालेल्यांनाही नाही.

बायकांच्या पुढे होती कोपऱ्यावरच्या बंगल्यातली भाभी. बाजारात त्यांचं कापडाचं मोठं दुकान. आजेसासरे राजस्थानातून आले ते इथलेच झाले. दुकानात गिऱ्हाईकाशी ही भाभी माझ्याहून झकास अहिराणी बोलते, पण शाळेचा विषय निघाला की हिंदीत शिरते. तिने माझ्यापुढे दोन बाटल्या धरल्या.

"ताई, ये हमारे आरओ का पाणी. और ये नळाचं. टेस्ट करके बताओ. बच्चों का सवाल आहे."

बाकीच्या पाचजणींनीही बाटल्या पुढे केल्या. एकीने सरबताच्या बाटलीतून आणलं होतं, तळाला अजून गुलाबी होतं. एकीने काचेच्या बाटलीतून. फ्लोराईडचा नमुना प्लास्टिकच्या स्वच्छ बाटलीतून घेतात, हे मी सांगितलं. तेव्हा तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिच्या घरातली भांडी घाण आहेत असं म्हणाले.

मी म्हणाले, "सोमवारी करून देते."

आता इथे मला माझं सांगायला हवं, कारण पुढे ज्यांना मी नावं ठेवणार आहे त्यांच्या रांगेत मी पहिली उभी होते. त्या सहाजणी दारात आल्या तेव्हा माझी चिठ्ठी भरून मुलाच्या दप्तरात गेलेली होती. 'नाही' खोडलेलं होतं. म्हणजे माझी हरकत होती.

त्याच्या आदल्या गुरुवारी मी एका पाड्यावर गेले होते. सातपुड्याच्या पायथ्याशी तीस-पस्तीस घरांचा पाडा. तिथल्या हातपंपाची बोअर फार खोल, आणि त्या पाण्यात फ्लोराईड मर्यादेच्या बरंच वर. हे मीच आदल्या वर्षी शोधून काढलं होतं. कागद वर गेला, वरून माणूस आला, त्याने हातपंपाला लाल रंग फासला आणि तो गेला. लाल म्हणजे पिऊ नका. मग काय प्या, याचा रंग त्याच्याकडे नव्हता. खाली नाल्याकाठी एक जुनी विहीर होती, पण ती गाळाने भरलेली. लोक लाल पंपाचंच पाणी पीत होते. मी नमुना घेत होते तेव्हा तिथली आठ-दहा मुलं भोवती जमली. मोठ्या मुलांच्या दातांवर तपकिरी पट्टे, कोणाच्या दातांना खड्डे. एक मुलगी हसताना ओठांवर हात धरत होती. माझ्याबरोबर तिथल्या आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताई होत्या, त्या म्हणाल्या, "हिला शाळेत गुटखा खाते म्हणून चिडवतात."

ते दात डोळ्यांपुढे घेऊन मी घरी आले आणि शुक्रवारी चिठ्ठी हातात पडली. मला सगळं माहीत होतं. त्या मुलांचे दात बिघडले ते जन्मापासून रोज, तांब्या-तांब्याने जादा फ्लोराईड पोटात गेल्यामुळे, पक्के दात हिरडीखाली तयार होत असताना. आमच्या नळाला धरणाचं पाणी येतं, त्यात ते नावालाच असतं. आणि लेप म्हणजे वर्षाकाठी एक-दोनदा ब्रशने दातांवर फिरवलेला एक थेंब. मीठ भाजीत घालतात, कोणी वाटीभर मीठ खात नाही, इतका साधा फरक. हा फरक मोजण्याचाच मला पगार मिळतो. तरी हात 'नाही'वरून फिरला.

नवऱ्याला विचारलं तर तो वर्तमानपत्रातून मान न काढता म्हणाला, "पाणी तू तपासतेस. तूच ठरव." कौतुक केल्यासारखं म्हणाला, पण त्याला नुसतं सुटायचं होतं.

सासूबाईंना कोणी विचारलं नव्हतं, म्हणून त्यांनी सांगितलं. "आम्हीन काय लावं व्हतं दातस्ले? राखोंडी. मन्हा दात देख, आजूनबी शेंगा फोडतस." त्यांचे मागचे चार दात कधीच गेलेत. शेंगा त्या पुढच्या दातांनी फोडतात आणि दाणे कुटून खातात. पण हे मी बोलले नाही.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी सगळ्या बाटल्या तपासल्या. ही तपासणी बघायला फार छान असते. पाण्यात लाल रसायन घालायचं. फ्लोराईड जितकं जास्त तितका लाल रंग फिका पडत जातो. पाड्याच्या पाण्यात तो बघता बघता उतरला होता. आमच्या कॉलनीच्या नळाच्या पाण्यात रंग जवळपास तसाच राहिला, आणि भाभीच्या आरओच्या पाण्यात तर ढिम्म हलला नाही. मी एका कागदावर आकडे लिहिले, खाली मराठीत लिहिलं, 'फ्लोराईड अत्यल्प. पाणी पिण्यास योग्य,' आणि त्याचा फोटो आयांच्या ग्रुपवर टाकला. मला वाटलं, झालं. पाण्यात नाही म्हणजे ते दातांना बाहेरून लावावं लागेल, हे आता कोणालाही कळेल.

दहा मिनिटांत भाभीचा संदेश आला. "देखा! ताईंनी स्वतः टेस्ट केलं. आपल्या पाण्यात फ्लोराईड नाही. देवाने आपल्याला शुद्ध पाणी दिलंय. मग बाहेरून विष कशाला लावायचं?"

खाली हात जोडलेले, अंगठे, फुलं. माझ्या अक्षरातला तो कागद संध्याकाळपर्यंत दुसऱ्या तीन ग्रुपवर गेला. एका ठिकाणी त्यावर कोणीतरी मोठ्या लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'सरकारी अधिकाऱ्यांचा पुरावा'. अकरा वर्षं पाणी तपासून मला कोणी अधिकारी म्हटलं नव्हतं. ते पद मला असं मिळालं.

मी लगेच लिहायला हवं होतं की तुम्ही उलटा अर्थ काढलात. लिहायला घेतलंही. मग मनात आलं, लिहिलं तर विचारतील, मग ताई तुम्ही काय भरून दिलंत? मी मोबाईल पालथा ठेवला.

बुधवारी शाळेत पालकांची सभा झाली. डॉक्टरीणबाई जेमतेम तिशीच्या, अंगाने बारीक, आवाज त्याहून बारीक. त्यांनी बरोबर दातांचा मोठा प्लास्टिकचा जबडा आणला होता आणि लेपाची छोटी डबी. त्यांनी चांगलं समजावलं. तीन वर्षांच्या आतल्या मुलाला टूथपेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी, त्यापुढे वाटाण्याएवढी, मूल पेस्ट गिळणार नाही यावर लक्ष ठेवायचं, जाहिरातीत दाखवतात तशी ब्रशभर नाही. लेप लावला की त्या दिवशी कडक काही चावायचं नाही, ब्रश दुसऱ्या दिवशी. एवढंच.

प्रश्न सुरू झाले. एका बापाने विचारलं, हे आयुर्वेदात आहे का? दुसऱ्याने विचारलं, फुकट का लावताय? या प्रश्नावर सभेत एकदम जान आली. फुकट आहे म्हणजे काहीतरी गडबड आहे, हे सगळ्यांना एका क्षणात पटलं. हीच माणसं सणाच्या ऑफरमध्ये एका शर्टावर एक फुकट घ्यायला भाभीच्या दुकानापुढे उन्हात रांग लावतात. तिसरी एक आई उठून म्हणाली, "आम्ही मुलाला फ्लोराईडची पेस्ट बंद केली. लाल मंजन सुरू केलं." आणि सगळ्यांकडे असं बघितलं की टाळ्या पडाव्यात. तिचा मुलगा तिच्या मांडीवर बसून चॉकलेट चोखत होता. ओघळ त्याच्या कोपरापर्यंत गेला होता.

मग भाभी उठली. "मॅडम, आमच्याकडे रिपोर्ट आहे. ये ताई बैठी हैं ना, इन्होंने टेस्ट किया."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. डॉक्टरीणबाईंचा चेहरा उजळला. त्यांना वाटलं, आपलं माणूस सापडलं.

"अरे वा, तुम्ही पाण्याचं काम करता? मग तुम्हीच सांगा ना यांना. पाण्यात कमी असेल तर लेपाची गरज वाढते की नाही?"

मी उभी राहिले. साडीचा पदर सारखा केला. आणि म्हणाले, "रिपोर्टमध्ये आहे तेवढंच मी सांगू शकते."

हे वाक्य मी ऑफिसात शिकले. कोणाला काही सांगायचं नसेल तेव्हा आमच्याकडे हे वाक्य वापरतात. त्या दिवशी ते मी दोन बोटं उंचीच्या लेपाच्या डबीपुढे वापरलं, आणि खाली बसले. डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बघितलं. मग त्यांनी जबडा पिशवीत घातला.

लेपाच्या दिवशी संमतीची चारच मुलं निघाली. त्यातली एक शाळेच्या मावशींची नात. मावशींनी व्हिडिओ पाहिला नव्हता, त्यांच्याकडे तसला फोनच नाही. "डॉक्टर दात नीट ऱ्हाई म्हनतस, तं लाव," म्हणून त्यांनी वेडीवाकडी सही करून दिली होती. आमच्या त्या सगळ्या पदवीधरांत शहाणी निघाली ती ही बाई, जिला आम्ही वर्गाच्या दारात चपला नीट ठेवायला सांगतो.

त्याच आठवड्यात मी एक गोष्ट केली. मनाला बोचत होतं म्हणून केली असेल. पाड्यावरच्या लाल हातपंपाचा आणि पाणी भरणाऱ्या बायकांचा फोटो मी ग्रुपवर टाकला. मुलांचे चेहरे टाकले नाहीत. खाली लिहिलं, 'तुम्हाला ज्या फ्लोराईडची भीती वाटते ते इथे आहे, आपल्या गावापासून तासाभरावर. मुलं रोज पितात.'

कोणीतरी लिहिलं, "खूप छान काम ताई." दुसरीने लिहिलं, "बिचारे." तिसरीने विचारलं की हा रस्ता काठी गावच्या होळीला जातो तोच का, यंदा गाडी करून जायचं आहे. त्याखाली लगेच एका मुलीच्या वाढदिवसाच्या केकचा फोटो आला. केकवर साखरेची बाहुली होती. तिला बत्तीस अंगठे मिळाले. मी मोजले.

आता माझ्या घरचं. मार्गशीर्षात मी मुलाला घेऊन माहेरी गेले. माहेर तापीकाठी, सारंगखेड्याच्या जवळ, तेव्हा घोड्यांची जत्रा भरलेली होती. मामाने भाच्याला जत्रेत फिरवलं, हवं ते खाऊ घातलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गालाला हात लावून रडायला लागला. मी बॅटरी लावून तोंडात बघितलं. मागच्या दोन दाढा काळ्या पडल्या होत्या, एकीला तर आत सरळ भोक. हे एका जत्रेचं काम नव्हतं. कित्येक महिने तो बाटलीने दूध पीत झोपत होता, आणि कित्येक महिने मी त्याला बिनफ्लोराईडची, गोड चवीची, पुढ्यावर तुळशीचं पान छापलेली पेस्ट देत होते. मी पाण्यातला दशांश मोजणारी बाई, रोज सकाळी त्याला "आ कर" म्हणत होते आणि आत बघत नव्हते.

आमच्या गावात दातांचा दवाखाना एकच होता, त्याच डॉक्टरीणबाईंचा. गेले. मुलाला खुर्चीत बसवलं, तो आरडाओरडा करून लाल झाला, डॉक्टरीणबाईंच्या सहायिकेला त्याने लाथ मारली. एका दाढेची नस काढून टोपी बसवावी लागली, दुसरी भरली. तीन खेपा झाल्या. पहिल्या खेपेला त्यांनी विचारलं, "पेस्ट कुठली वापरता?" मी सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

शेवटच्या खेपेला मीच म्हणाले, "मॅडम, त्या सभेत मी बोलायला हवं होतं. मला माहीत होतं सगळं."

त्या हात धूत होत्या. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "हो, ते मला कळलं होतं. बाकीच्यांचा राग नाही आला मला. त्यांना माहीत नव्हतं."

मी मुलाला घेऊन बाहेर आले. रस्त्यात तो म्हणाला, "मम्मी, माझी दाढ चांदीची आहे." त्याला फार आनंद झाला होता. घरी आल्यावर त्याने आजीला तोंड उघडून दाखवलं. सासूबाई म्हणाल्या, "राखोंडी लावती तं हाई व्हतंच नही." त्या वेळी मात्र मी म्हणाले, "आई, तुमचे मागचे चार कुठे गेले?" त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. मला वाईट वाटलं नाही.

पाड्याचं काम माझ्याने झालं म्हणणं खोटं होईल. मी चार कागद वर पाठवले आणि मग पाठवायचे थांबवून सरळ आशाताईंबरोबर तिथल्या बैठकीला गेले. दोन बाटल्या आणि लाल रसायन घेऊन गेले आणि सगळ्यांसमोर रंग उतरवून दाखवला. जुन्या विहिरीच्या तळाशी उरलेल्या पाण्यात तो उतरला नाही, तेही दाखवलं. कोणीच फार प्रश्न विचारले नाहीत. आयुर्वेदात आहे का, हे कोणी विचारलं नाही. उन्हाळ्यात त्यांनीच त्या विहिरीचा गाळ काढला, पुरुष-बायका सगळ्यांनी, जवळजवळ पंधरवडा. पावसाळ्यानंतर मी नमुना घेतला, चांगला निघाला. पिण्याचं पाणी आता तिथून नेतात, पंपाचं भांड्यांना आणि गुरांना वापरतात. ओठांवर हात धरणाऱ्या मुलीच्या आईने आशाताईंमार्फत मला विचारलं, हिचे दात आता पांढरे होतील का? मी सांगितलं, नाही होणार, पण धाकट्या भावाचे चांगले येतील. तिने मान हलवली आणि घागर उचलली.

इकडे पुढच्या वर्षी शाळेची चिठ्ठी पुन्हा आली. तोच मजकूर, त्याच डॉक्टरीणबाई. या वेळी मी 'आहे' खोडून सही केली आणि ग्रुपवर सगळं लिहिलं. माझी चूक, मुलाच्या दाढा, माझ्या रिपोर्टचा खरा अर्थ, सगळं. मोठा मजकूर झाला. तो कोणी वाचला असेल असं मला वाटत नाही. त्यावर एक अंगठा आला, तोही डॉक्टरीणबाईंच्या सहायिकेचा. तिचं मूल आता आमच्या शाळेत आहे.

पण लेपाच्या दिवशी शाळेत गेले तर बाहेर रांग. केजीची जवळपास सगळी मुलं. मला क्षणभर वाटलं, आपल्या लिहिण्याचा परिणाम झाला. रांगेत पुढेच भाभी मुलाचा हात धरून उभी होती. मला बघून तिने जवळ बोलावलं आणि हलक्या आवाजात म्हणाली, "ताई, सुरत को मेरी ननद है ना, तिने तिच्या बेबीला तिथल्या मोठ्या डॉक्टरकडे हाच लेप लावला. किती घेतले माहीत आहे? और यहां तो फ्री में मिल रहा है!"

तिने तो आकडा सांगितला, मी तो विसरले. मग ती माझ्या मुलाकडे वळली, त्याच्या गालावरून हात फिरवला आणि मला म्हणाली, "तुम्ही डरू नका ताई. फ्लोराईड खराब नसतं. पाण्यात कमी असलं तर लावावंच लागतं."

"हो का?" मी म्हणाले.

"हां, मग! मैं बताती हूं ना," असं म्हणून रांग पुढे सरकेपर्यंत ती मला फ्लोराईड म्हणजे काय ते समजावून सांगत राहिली. आत लेप लावून झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की आज दिवसभर कडक काही खायला द्यायचं नाही. शाळेच्या फाटकातून बाहेर पडताच भाभीने पर्समधून चिक्की काढली आणि मुलाच्या हातात दिली.